मदत हवी आहे: ‘गिफ्ट’ म्हणजे भेट, विष की लग्न?

नमस्कार मंडळी. श्टुटगार्टच्या बहिणीने तळघरातल्या एका डब्याचा फोटो पाठवला. त्यावर कवटी आणि खाली ठळक अक्षरांत ‘गिफ्ट’! जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष, हे तेव्हा कळलं आणि मी त्या शब्दाच्या मागेच लागले.

मूळ अर्थ ‘देणं’ असाच आहे. ग्रीक ‘डोसिस’चा अर्थही ‘दिलेलं’, म्हणजे औषधाची मात्रा. त्याच्या नकलेवर जर्मनमध्ये गिफ्ट आधी मात्रा झालं आणि मग विष. जुना अर्थ ‘मिटगिफ्ट’ या शब्दात उरलाय, म्हणजे हुंडा! डचमध्ये ‘गिफ्ट’ला देणगी आणि विष असे दोन्ही अर्थ आहेत. स्वीडिशमध्ये तर कमालच, ‘यिफ्ट’ म्हणजे विष आणि विवाहितसुद्धा. (नवऱ्याला सांगितलं, तो जरा जास्तच हसला.) विवाहित हा अर्थ मुलगी ‘देण्या’वरून आलाय. आपणही म्हणतोच की, धाकटी सांगलीला दिली.

आता अडलंय ते असं. शनिवारी जर्मनच्या वर्गात यावर पाच मिनिटं बोलायचंय. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमध्ये राहणारं कुणी आहे का इथे? विष आणि विवाहित यांवरून तिथले लोक रोजच्या बोलण्यात विनोद करतात, की कुणाच्या लक्षातही येत नाही? आणि मराठीत किंवा कोकणीत ‘देणं’वरून असा वाईट अर्थाला गेलेला एखादा शब्द आठवतोय का? मला फक्त ‘शिवी देणं’ सुचलं, पण ते काही जमत नाही.