बेसबॉल: पिचरचं (बॅटरला चेंडू टाकणाऱ्याचं) काम चेंडू हातातून सुटला की संपतं?

डावखुरा: काल इथे एकाने लिहिलं, "दहा-अकराच्या पोरांना नुसते स्ट्राइक (अचूक पिच) टाकू द्या, फील्डिंगला बाकीचे आठ जण आहेत." डोकंच फिरलं. 2024 ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका), पाचवा सामना, यांकीज डॉजर्सच्या 5-0 ने पुढे. डॉजर्सच्या बेट्सचा ग्राउंडर (जमिनीवरून सरपटणारा फटका) पहिल्या बेसमनकडे गेला आणि यांकीजचा पिचर गेरिट कोल मध्येच थांबून बोट दाखवत राहिला. बेसमन बॉल घ्यायला बेसपासून लांब गेला की बेस कव्हर करायला, म्हणजे सांभाळायला, पिचरनेच पळायचं असतं. बेसवर कुणीच नाही! त्या डावात पाच रन गेले, शेवटी 7-6 ने सामना आणि त्याबरोबर सिरीजही.

स्कोअरवही: सोयीचं तेवढंच सांगताय. त्याच डावात यांकीजच्याच जजने हातातला झेल सोडला, व्होल्पेचा थ्रो चुकला. सगळं खापर पिचरच्या डोक्यावर?

डावखुरा: त्या दोघांनी निदान प्रयत्न तरी केला होता.

काल_लिहिणारा: तो 'एकाने' म्हणजे मी. माझ्या मुलाच्या कोचने त्याला इतकं पढवलं, की बिचारा पिच टाकतानाच पहिल्या बेसकडे बघायचा. चार बॉल (चुकीचे पिच), वॉक, म्हणजे बॅटर फुकटात पहिल्या बेसवर. पुन्हा चार बॉल, वॉक. कव्हर करायला कुणी बॉल मारला तर पाहिजे ना!

डावखुरा: मग त्या कोचला शिकवता येत नाही. आपल्या डाव्या हाताला ग्राउंडर गेला की विचार न करता पळायचं, आणि सरळ बेसवर नाही. बेसच्या दहा-बारा फूट अलीकडे फाउल लाइन (बॅटरपासून पहिल्या बेसकडे जाणारी रेषा) गाठायची, लाइनला समांतर पळत उजवा पाय बेसच्या आतल्या कडेला टेकवायचा. सरळ गेलात तर रनरशी टक्कर ठरलेली. सरावात रोज थोडं करून घेतलं की बास.

टीबॉलची_आई: टकरीचं सोडा हो. 46 फुटांवरून पिच टाकून पोरगं पुढे झुकलेलं असतं, ग्लोव्ह गुडघ्यापाशी, आणि समोरून लाइन ड्राइव्ह, म्हणजे सरळ अंगावर येणारा जोरदार फटका! आधी पिचरला चेहऱ्याचा मास्क सक्तीचा करा.

जुना_कॅचर: आमच्या वेळी कुठे होते मास्क?

टीबॉलची_आई: तुमच्या वेळी 1957 मध्ये पिचर हर्ब स्कोअरच्या डोळ्यावर बॉल बसला होता. ऐकलंय का?

जुना_कॅचर: मी इतका म्हातारा नाही बाई. पण मास्क घातला की पोरं बेफिकीर होतात, ग्लोव्ह वर आणतच नाहीत.

टीबॉलची_आई: हेल्मेट घातलं म्हणून कुणी मुद्दाम अंगावर बॉल घेतो का? काहीही!

काल_लिहिणारा: धागा मास्कचा झाला वाटतं.

जुना_कॅचर: आणि ते 'टाकल्यावर तोल सावरून बॅटरसमोर सरळ उभं राहा' हे खूळ कुणी काढलं? पिचर बॉब गिब्सन टाकून झाल्यावर पहिल्या बेसकडे कोलमडायचा. तरी 1965 ते 1973 ओळीने नऊ गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे फील्डिंगचे पुरस्कार!

डावखुरा: तुमच्या टीममध्ये गिब्सन असेल तर खुशाल कोलमडू द्या.

स्कोअरवही: बेसचं एवढं चाललंय, पण तिसऱ्यावर रनर असताना वाइल्ड पिच (कॅचरला न सापडणारा पिच) गेला की होम, म्हणजे जिथे रन पूर्ण होतो तो बेस, कोण सांभाळणार? कॅचर मागे पळतोय आणि आमचा पिचर माउंडवर हात कमरेवर ठेवून हळहळतोय. दर शनिवारी हाच तमाशा.

काल_लिहिणारा: बरं, होमचं मान्य. तिथे दुसरं कुणी पोचूच शकत नाही. पहिल्या बेसचं मात्र बाराव्या वर्षानंतर बघू.

डावखुरा: धन्य झालो! तोवर तुमचा पहिला बेसमन बॉल हातात घेऊन रनरशी शर्यत लावणार.

टीबॉलची_आई: मास्कचं काय ठरलं?