तळाला जहाजाचा सोनेरी नांगर, म्हणजे चेल्सीच (लंडनचा अठराव्या शतकातला पोर्सेलीनचा कारखाना) ना? मदत हवी आहे, जरा घाई आहे

केंटकर: इथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात पोर्सेलीनची मेंढपाळीण मिळतेय, मागे फुलांचं झाड. तळाला सोनेरी नांगर आहे. दुकानदार शनिवारपर्यंतच ठेवणार आहे. घेऊ का?

निळावंती: फोटो? उंची? नांगर केवढा?

केंटकर: फोटो चढत नाहीये. वीतभर उंच. नांगर तळाच्या मधोमध, नखाएवढा, अगदी ठसठशीत.

निळावंती: तिथेच शंका येते. चेल्सीचा नांगर जेमतेम ५ मिलिमीटरचा, बहुधा मागच्या बाजूला लपलेला. सोनेरी नांगराचा काळ साधारण १७५६ ते १७६९. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने अशा पुष्कळ नकला केल्या. खुणेवर जाऊ नका, माती बघा.

जुनंपुराणं: तळाला कानस घासा. चेल्सीची सॉफ्ट पेस्ट (कमी तापमानावर भाजलेलं मऊ पोर्सेलीन) लगेच खरवडली जाते.

निळावंती: दुसऱ्याच्या वस्तूवर कानस? कृपया असं काही सुचवू नका! केंटकर, कुठे टवका उडालाय का?

अबोली७: टॉर्च लावा, आत चंद्रासारखे ठिपके दिसले तर चेल्सी.

निळावंती: ते चेल्सीच्याच, पण आधीच्या लाल नांगराच्या काळातल्या ताटल्यांत. जाड बाहुलीत काय दिसणार?

डर्बीप्रेमी: मी म्हणतो डर्बीच (इंग्लंडचाच दुसरा कारखाना) घ्या. खूण नसली तरी तळाला तीन-चार काळसर डाग असतात, भट्टीत मातीच्या गोळ्यांवर ठेवायचे त्याचे. शिवाय १७७० मध्ये डर्बीच्या मालकाने, ड्यूसबरीने, चेल्सीचा कारखानाही घेतलाच.

प्रवासी: भारतात नेणार असाल तर हँडबॅगेतच ठेवा. माझा टी-सेट चेक-इनमध्ये फुटला.

केंटकर: भारतात नेत नाहीये हो. कोकराचा कान उडालाय, आत काचेसारखं चकाकतं, किंचित करडं.

निळावंती: मग हार्ड पेस्ट, म्हणजे जास्त तापमानावर भाजलेलं कडक पोर्सेलीन. सॉफ्ट पेस्ट तुटली की साखरेसारखी रवाळ दिसते. चेल्सी नाही.

जुनंपुराणं: हार्ड पेस्ट म्हणजे इंग्लिश नाहीच, असं कसं? कुकवर्दीने १७६८ मध्ये इंग्लंडातच, प्लिमथला, हार्ड पेस्टचं पेटंट घेतलं होतं.

निळावंती: बरोबर, पण प्लिमथची खूण कथलाच्या किमयागारी चिन्हाची. सोनेरी नांगर ते कशाला काढतील? मला ही सॅमसनच्या धर्तीची नक्कल वाटते.

केंटकर: दुकानदार चेल्सीचाच भाव सांगतोय. नक्कल म्हणून, कान तुटलेला धरून, किती द्यावेत? शनिवारच्या आत सांगा.