अंतिम परीक्षेपूर्वी रसायनशास्त्राची उजळणी : धड्यांच्या क्रमाने करावी की वेगळ्या क्रमाने?

प्रश्न : अभ्यासू

नमस्कार. रसायनशास्त्राची अंतिम परीक्षा तोंडावर आली आहे आणि वर्षभरातील सर्व घटक एकाच प्रश्नपत्रिकेत असणार आहेत : अणुरचना, आवर्तसारणी, रासायनिक बंध, मोल संकल्पना, वायूंचे नियम, ऊष्मारसायन, रासायनिक समतोल, आम्ल-आम्लारी आणि ऑक्सिडीकरण-क्षपण. एकेक धडा स्वतंत्रपणे वाचला की तो समजतो आणि त्याच्या शेवटची उदाहरणेही सुटतात. परंतु सर्व धड्यांचे प्रश्न मिसळलेला संच हाती घेतला की कोणत्या प्रश्नाला कोणती संकल्पना लावायची हेच ठरत नाही.

तीन शंका विशेष आहेत. दोन्ही अभिक्रियाकारकांची वस्तुमाने दिलेली असताना आधी कोणते संपेल हे कसे ओळखावे? दाब, तापमान आणि उत्प्रेरक यांपैकी कशामुळे समतोल सरकतो? आणि अतिशय विरल आम्लाचा सामू काढताना उत्तर ७ पेक्षा जास्त आले, तर ते बरोबर मानावे का?

उत्तर : मोलमापन

उजळणीसाठी धड्यांचा क्रम सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. धडा वाचताना कोणती संकल्पना वापरायची हे त्याचे शीर्षकच सांगत असते. प्रश्नपत्रिकेत ते शीर्षक नसते, आणि मिश्र संच अवघड वाटतो तो त्यामुळेच. त्याऐवजी प्रश्न नेमके काय विचारतो आहे ते आधी पाहावे. किती ग्रॅम, किती लीटर, किती संहती असे ‘किती’ विचारले असेल, तर वाट जवळजवळ नेहमी मोलमधूनच जाते. म्हणून मी सुरुवात मोलपासून करण्यास सांगेन, मग तो धडा पुस्तकात कुठेही असो.

एक मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. २०१९ पासून ही संख्या व्याख्येनेच निश्चित केलेली आहे. मोलपर्यंत पोहोचण्याचे मार्ग मोजकेच आहेत. वस्तुमान दिले असेल तर त्याला मोलार वस्तुमानाने भागावे, द्रावण असेल तर संहतीला लीटरमधील आकारमानाने गुणावे, आणि वायू असेल तर आदर्श वायू समीकरण वापरावे. वायूच्या गणितात तापमान केल्व्हिनमध्येच घ्यावे लागते, ही गोष्ट घाईत सर्वाधिक निसटते. दाब स्थिर ठेवून वायूचे तापमान २७ अंश सेल्सिअसवरून ५४ अंशांवर नेले, तर आकारमान दुप्पट होत नाही. ३०० केल्व्हिनचे ३२७ केल्व्हिन होतात आणि आकारमान जेमतेम १.०९ पट होते.

आता तुमची पहिली शंका. समजा २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ४ ग्रॅम हायड्रोजन यांपासून अमोनिया तयार करायचा आहे. ग्रॅमकडे पाहिले तर हायड्रोजन कमी वाटतो, आणि मोलकडे पाहिले तर जास्त वाटतो, कारण नायट्रोजन १ मोल आहे आणि हायड्रोजन २ मोल. या दोन्ही तुलना निरुपयोगी आहेत. संतुलित समीकरणानुसार नायट्रोजनच्या १ मोलला हायड्रोजनचे ३ मोल लागतात. म्हणून प्रत्येक अभिक्रियाकारकाच्या मोलला त्याच्या सहगुणकाने भागावे. नायट्रोजनसाठी उत्तर १ येते आणि हायड्रोजनसाठी सुमारे ०.६७. ज्याचे उत्तर लहान तो आधी संपतो, म्हणजे येथे हायड्रोजन मर्यादित अभिक्रियाकारक आहे. हायड्रोजनच्या २ मोलपासून अमोनियाचे १.३३ मोल, म्हणजे २२.६७ ग्रॅम मिळतील आणि ९.३३ ग्रॅम नायट्रोजन शिल्लक राहील. या दोहोंची बेरीज ३२ ग्रॅम, म्हणजे सुरुवातीच्या वस्तुमानाइतकीच येते. ही पडताळणी प्रत्येक गणितात करावी. द्रव्य अक्षय्यतेचा नियम परीक्षेत खरोखर उपयोगी पडतो तो इथे. प्रत्यक्षात १७ ग्रॅमच अमोनिया मिळाला असे दिले असेल, तर उत्पादनाचे शेकडा प्रमाण ७५ होईल, आणि त्यासाठी भागायचे ते २२.६७ ने, ३२ ने नव्हे.

उत्तर : इलेक्ट्रॉनवेध

वरील विवेचनाशी मी सहमत आहे; मात्र वायूसाठी २२.४ लीटर हा आकडा पाठ असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तो आकडा ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबासाठी आहे. दाब १ बार दिला असेल तर एक मोल आदर्श वायूचे आकारमान सुमारे २२.७ लीटर भरते.

प्रश्नपत्रिकेचा दुसरा मोठा भाग ‘का’ विचारणारा असतो, आणि तिथे इलेक्ट्रॉनचा माग काढावा लागतो. अणुरचना, आवर्तसारणी, रासायनिक बंध आणि ऑक्सिडीकरण-क्षपण हे चार धडे माझ्या मते एकच धडा म्हणून वाचावेत. सोडिअमची पहिली आयनीभवन ऊर्जा मोलमागे सुमारे ४९६ किलोज्यूल आहे, तर दुसरी सुमारे ४५६२. एवढी मोठी उडी का, याचे उत्तर इलेक्ट्रॉन संरूपणात आहे : दुसरा इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जवळच्या, पूर्ण भरलेल्या कवचातून काढावा लागतो. सोडिअमचा आयन एकधन का असतो, सोडिअम क्लोराइड आयनिक का असते आणि सोडिअम उत्तम क्षपणक का असतो, या तिन्ही प्रश्नांची मुळे त्याच उडीत आहेत.

प्रवृत्ती पाठ करताना अपवाद वगळू नयेत, कारण प्रश्न बहुधा त्यांच्यावरच येतो. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना आयनीभवन ऊर्जा वाढते, तरीही नायट्रोजनची १४०२ किलोज्यूल असताना ऑक्सिजनची १३१४ आहे. ऑक्सिजनच्या २पी उपकवचातील एका कक्षकात दोन इलेक्ट्रॉन आलेले असतात आणि त्यांच्यातील प्रतिकर्षणामुळे एक इलेक्ट्रॉन काढणे तुलनेने सोपे जाते.

बंधांच्या धड्यात दोन भेद पक्के असावेत. बंध ध्रुवीय असला म्हणजे रेणू ध्रुवीय असतोच असे नाही. कार्बन डायऑक्साइडमधील दोन्ही बंध ध्रुवीय आहेत, परंतु रेणू सरळ रेषेत असल्याने त्यांचे द्विध्रुव एकमेकांना निष्प्रभ करतात, तर पाण्याच्या रेणूत सुमारे १०४.५ अंशांचा कोन असल्याने तसे होत नाही. तसेच, पाणी उकळताना रेणूंमधील आकर्षण तुटते, ऑक्सिजन आणि हायड्रोजनमधील सहसंयुज बंध नव्हे. पाण्याचा उत्कलनांक १०० अंश आणि हायड्रोजन सल्फाइडचा सुमारे उणे ६० अंश, हा फरक हायड्रोजन बंधांमुळे पडतो.

बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडते, हा समज मात्र मनातून काढून टाकावा. बंध तोडायला ऊर्जा लागते आणि तो तयार होताना ती मुक्त होते. हायड्रोजन आणि क्लोरीन यांच्या एकेका मोलमधील बंध तोडायला ४३६ आणि २४२ मिळून ६७८ किलोज्यूल लागतात. हायड्रोजन क्लोराइडचे २ मोल बंध तयार होताना ८६२ किलोज्यूल मुक्त होतात. म्हणून ही अभिक्रिया १८४ किलोज्यूलने ऊष्मादायी ठरते.

उत्तर : समतोलाकडे

‘किती’ आणि ‘का’ यांच्या जोडीला मी ‘कुठवर’ हा तिसरा प्रश्न ठेवीन, कारण समतोल त्याच प्रश्नाचे उत्तर देतो. ले शातेलिए यांचे तत्त्व वाक्य म्हणून पाठ करण्यापेक्षा अभिक्रिया भागफलाची (त्या क्षणीच्या संहतींवरून काढलेल्या उत्पादिते आणि अभिक्रियाकारके यांच्या गुणोत्तराची) समतोल स्थिरांकाशी, म्हणजे समतोल असतानाच्या त्याच गुणोत्तराशी, तुलना करण्याची सवय लावावी. भागफल लहान असेल तर अभिक्रिया उत्पादितांकडे सरकते, मोठा असेल तर उलट. संहती किंवा दाब बदलल्याने बदलतो तो भागफल. स्थिरांक बदलतो तो केवळ तापमानाने.

अमोनियाचेच उदाहरण घेऊ. डाव्या बाजूस वायूचे ४ मोल आणि उजव्या बाजूस २ मोल असल्यामुळे आकारमान कमी करून दाब वाढवला की समतोल अमोनियाकडे सरकतो. अभिक्रिया ऊष्मादायी असल्याने तापमान वाढवल्यास स्थिरांक घटतो आणि अमोनियाचे प्रमाण कमी होते. तरीही हेबर पद्धतीत ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान ठेवतात, कारण त्याखाली लोहाचा उत्प्रेरक असूनही अभिक्रियेचा वेग फार मंदावतो. उत्प्रेरक पुढची आणि उलट अशा दोन्ही अभिक्रियांचा वेग सारख्याच पटीने वाढवतो. त्यामुळे समतोल लवकर येतो, पण त्याची जागा बदलत नाही. वेग आणि समतोल या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत हे ज्याला उमगले, त्याला या धड्यात फारसे काही अवघड उरत नाही.

अभ्यासू

तिघांचेही मनापासून आभार. एक उपशंका आहे : आकारमान स्थिर ठेवून त्याच पात्रात आर्गॉन सोडला तर एकूण दाब वाढतो, मग समतोल अमोनियाकडे सरकायला हवा ना?

समतोलाकडे

नाही. आकारमान तेच असल्यामुळे नायट्रोजन, हायड्रोजन आणि अमोनिया यांचे आंशिक दाब जसेच्या तसे राहतात, म्हणून भागफलही बदलत नाही. मात्र एकूण दाब स्थिर ठेवून आर्गॉन मिसळला तर आकारमान वाढते, तिन्हींचे आंशिक दाब घटतात आणि समतोल जास्त मोल असलेल्या बाजूकडे, म्हणजे नायट्रोजन आणि हायड्रोजनकडे सरकतो. प्रश्नात आकारमान स्थिर आहे की दाब, हे शब्द अधोरेखित करूनच पुढे जावे.

उत्तर : मोलमापन

सामूची शंका राहिली आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती १० चा उणे ८ वा घात असताना थेट सूत्र लावले तर सामू ८ येतो, म्हणजे आम्ल मिसळल्याने द्रावण आम्लारिधर्मी झाले असा अर्थ होतो, आणि ते अशक्य आहे. येथे पाण्याच्या स्वतःच्या आयनीभवनाकडे दुर्लक्ष झालेले असते. २५ अंश सेल्सिअसला हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन यांच्या संहतींचा गुणाकार १० चा उणे १४ वा घात असतो. पाण्यापासून आलेल्या हायड्रोजन आयनांची संहती क्ष मानली, तर हायड्रॉक्साइडचीही क्ष असते, आणि हायड्रोजन आयनांची एकूण संहती क्ष अधिक १० चा उणे ८ वा घात इतकी होते. हे वर्गसमीकरण सोडवल्यावर एकूण संहती सुमारे १.०५ गुणिले १० चा उणे ७ वा घात येते आणि सामू ६.९८, म्हणजे ७ पेक्षा किंचित कमी, जसा असायला हवा तसाच. आम्लाची संहती १० च्या उणे ६ व्या घाताइतकी किंवा त्याहून जास्त असेल तर पाण्याचा वाटा सोडून दिला तरी चालतो.

सरावासाठी एक गणित देते, कारण त्यात तुमची पहिली आणि तिसरी शंका एकत्र येतात. ०.१० मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाच्या ५० मिलिलीटरमध्ये ०.१० मोलार सोडिअम हायड्रॉक्साइडचे ४० मिलिलीटर मिसळले. आम्ल ०.००५ मोल आणि आम्लारी ०.००४ मोल, म्हणजे आम्लारी मर्यादित आहे आणि ०.००१ मोल आम्ल उरते. ते आता ५० नव्हे, तर ९० मिलिलीटर द्रावणात आहे. म्हणून संहती सुमारे ०.०११ मोलार आणि सामू १.९५. आता आम्लारीचे आकारमान ५० आणि मग ६० मिलिलीटर घेऊन हेच गणित पुन्हा करा आणि उत्तरे येथे लिहा, म्हणजे तपासता येतील.