प्रतिसाद: थिएटरची गरज संपली का?
'दोन महिन्यांत मोबाइलवर येणारच, मग मराठी सिनेमा थिएटरात कोण बघणार?' हा मुद्दा मला पटत नाही. ३० जून २०२३ ला 'बाईपण भारी देवा' लागला तेव्हा ओटीटी घरोघरी होतंच. तरी बायका भिशीच्या, सोसायटीच्या, माहेरच्या ग्रुपने, नटूनथटून, नऊवारी नेसून गेल्या. थोडं थांबल्या असत्या तर त्यांना घरात मोबाइलवर तो बघता आला असता, पण शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईबरोबर हसणं-रडणं घरी कुठून मिळणार?

अर्थात सगळ्याच सिनेमांचं असं होत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या, शास्त्रीय गायकावरच्या 'द डिसायपल' या मराठी सिनेमाला २०२० साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी तो नेटफ्लिक्सवर आला. तंबोऱ्याचा तो संथ नाद मोठ्या पडद्यासमोर, अंधारात ऐकायचा राहिला याची मला आजही हळहळ वाटते. पण एक मान्य करते, ओटीटी नसतं तर तालुक्याच्या गावातल्या किती जणांपर्यंत तो पोचला असता?

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. मराठी सिनेमाला दुपारी बाराचा शो देतात. नोकरी करणारा माणूस त्या वेळी जाणार कसा?