हॉल्टवर तिकीट खिडकी बंद असेल तर गाडीत नियमाने कसं चढायचं?

सावित्रीकाठ

कोकण रेल्वेवर वीर आणि खेडच्या मधल्या एका हॉल्टवरून आई-बाबांना रत्नागिरी–दिवा पॅसेंजरने पनवेलला यायचं आहे. पुढे पनवेलहून एक्सप्रेस. हॉल्टवर पूर्वी एजंट तिकिटं द्यायचा. आता खिडकी बंद आहे, यंत्र वगैरे काही नाही. फलाटावर मोबाइलला रेंजही धड नसते. विनातिकीट चढून टीसीला खरं काय ते सांगितलं तर चालतं का? कोणी म्हणतं दंड लागत नाही, कोणी म्हणतं माणशी २५० रुपये लागतातच. नियम नेमका काय आहे?

लूपलाइन

नियम रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम ५५ आणि १३८ मध्ये आहे. डब्यात शिरताना जवळ तिकीट किंवा पास हवा, नाहीतर अधिकार असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी हवी. अशी परवानगी दिली की तो दाखला देतो, भाडं नंतर भरण्याच्या अटीवर. दाखला जवळ असेल तर फक्त भाडं घ्यायचं, जादा आकार घ्यायचा नाही, हे कलम १३८ मध्येच लिहिलेलं आहे. दाखला नसेल तर भाडं, आणि त्यावर भाड्याइतकीच रक्कम किंवा २५० रुपये, यातलं जे जास्त असेल ते. समजा भाडं माणशी ४० रुपये आहे. दाखल्यावर दोघांचे ८० होतील, दाखल्याशिवाय ५८०. खिडकी बंद होती एवढ्याने कलम १३८ मधून सूट मिळत नाही.

हॉल्टवर हा दाखला कोण देणार? गार्ड. (२०२२ पासून पदाचं नाव ट्रेन मॅनेजर आहे, पण फलाटावर सगळे गार्डच म्हणतात.) हॉल्ट म्हणजे डी क्लास स्टेशन. तिथे स्टेशन मास्तर नाही, सिग्नल नाही. गाडी उभी असताना तिथला रेल्वेचा जबाबदार माणूस गार्डच असतो.

मोहरीपूल

इतका व्याप कशाला? चढायचं, टीसी दिसला की आपणहून जाऊन सांगायचं, तो पावती फाडतो. प्रामाणिक माणसाला कोणी छळत नाही.

लूपलाइन

आपणहून सांगावंच, त्याबद्दल वाद नाही. त्यामुळे कलम १३७ लागत नाही. ते फसवून प्रवास करणाऱ्यांसाठी आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण २५० चा आकार कलम १३८ चा आहे आणि त्यात हेतू बघितला जात नाही. टीसीने तो लावला तर तो कायद्यानेच वागतोय.

शिवाय कुठून चढलात हे पटलं नाही तर भाडं गाडी जिथून सुटली तिथून लावता येतं, मध्ये तपासणी झाली असेल तर शेवटच्या तपासणीपासून. म्हणजे इथे थेट रत्नागिरीपासून. गार्डच्या दाखल्यावर चढण्याचं स्टेशन लिहिलेलं असतं, त्यामुळे हा प्रश्नही मिटतो.

खडीवरचा

गार्डला गाठणं सोपं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी थांबते जेमतेम मिनिटभर. तेवढ्यात गार्डला चढ-उतार बघायची, मग झेंडी किंवा दिवा दाखवायचा असतो. त्याच्याकडे तेव्हा लिहायला वेळ नसतो. म्हणून चिठ्ठी घरूनच लिहून न्या. तारीख, गाडी नंबर, कुठून कुठे, सेकंड क्लास, प्रवासी दोन, कारण ‘तिकीट खिडकी बंद’, आणि खाली सहीला जागा. छापील नमुना त्याच्याजवळ असेल तर तो देईल, नसेल तर याच कागदावर सही आणि नाव घ्या.

गार्डचा डबा सगळ्यात शेवटी. हॉल्टचे फलाट आखूड असतात, त्यामुळे शेवटचा डबा फलाटाबाहेर खडीवर उभा राहू शकतो. वयस्कर माणसांनी खडीवर उतरू नये. फलाटाच्या मागच्या टोकाला उभं राहून गाडी शिरतानाच गार्डला हात करायचा. बरोबर पोचवायला कोणी तरुण येणार असेल तर चिठ्ठी त्याच्या हाती द्या आणि आई-बाबांना जवळच्या जनरल डब्यात बसवा.

सही राहूनच गेली तर पुढच्या मोठ्या स्टेशनवर गार्डकडे जा. वीरच्या दक्षिणेला अजून एकेरी मार्ग आहे (रोहा–वीर दुहेरीकरण २०२१ मध्ये झालं), त्यामुळे क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला, पॅसेंजर बाजूला घेतली की वेळ मिळतो. मात्र मधल्या स्टेशनच्या खिडकीवर तिथून पुढचंच तिकीट घेतलं तर मागचा टप्पा विनातिकीटच राहतो.

पनवेलपर्यंत टीसी भेटलाच नाही तर बाहेर पडण्याआधी स्वतः तिकीट तपासणी कार्यालयात जा, दाखला दाखवून भाडं भरा आणि पावतीवर ‘पासून–पर्यंत’ नीट वाचा.

जनरल_डबा

गार्डपर्यंत वेळच येऊ देऊ नका. रेल्वेच्या रेलवन ॲपवर अनारक्षित तिकीट निघतं, पूर्वी यूटीएस ॲपवर निघायचं तसंच. लोक अडकतात त्या जागा:

पेपरलेस तिकीट (फोनवरच दाखवायचं ते) रुळांजवळ आणि स्टेशनच्या आवारात निघत नाही, जीपीएस अडवतं. फलाटावर येऊन ॲप उघडलं की नेमकं हेच होतं. त्यामुळे घरून काढा. स्टेशनपासून किती लांबून तिकीट काढता येतं याची मर्यादा २०२४ मध्ये काढली आहे, गाव लांब असलं तरी चालतं.

‘पेपर’ हा पर्याय चुकूनही निवडू नका. त्याची छापील प्रत खिडकीवर किंवा एटीव्हीएमवर (तिकिटाच्या यंत्रावर) घ्यावी लागते आणि ती नसेल तर तिकीट ग्राह्य नाही. हॉल्टवर दोन्ही नाहीत, म्हणजे पैसे गेले. स्टेशनचा क्यूआर स्कॅन करून आवारात तिकीट काढता येतं, पण तो कागद हॉल्टवर लावलेला असेल यावर विसंबू नका.

तिकीट काढल्यापासून ३ तासांत प्रवास सुरू झाला पाहिजे. गाडी किती उशिरा आहे ते बघून मगच काढा, पेपरलेस तिकीट रद्द होत नाही. पैसे आर-वॉलेटमध्ये (ॲपमधल्या रेल्वेच्या पाकिटात) आधीच भरून ठेवा. रेंज कमी असली की यूपीआयमध्ये जाऊन परत येताना व्यवहार लटकतो. एकदा निघालेलं तिकीट नेट नसतानाही उघडतं.

ज्येष्ठ नागरिक सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पूर्ण भाडं धरा.

सावित्रीकाठ

धन्यवाद. मी मुंबईतून माझ्या फोनवर तिकीट काढून बाबांना फोटो पाठवला तर? आणि पनवेलच्या एक्सप्रेसचं काय करू?

जनरल_डबा

फोटो किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. ज्या फोनवर काढलं त्याच फोनवर ॲप उघडून दाखवावं लागतं. बाबांच्या नंबरवर खातं उघडा, वॉलेट भरा, घरी एकदा तिकीट कसं काढायचं आणि कसं दाखवायचं ते करून घ्या. एकाच तिकिटावर दोघं येतात, म्हणून दोघांनी एकाच डब्यात बसायचं. फोन पूर्ण चार्ज हवा, तो बंद पडला की तिकीट नाही.

लूपलाइन

पुढची एक्सप्रेस आरक्षित असेल तर पनवेलपासूनचं ई-तिकीट वेगळं काढा. दोन पीएनआर (आरक्षणाचे नंबर) जोडून गाडी चुकल्यास परतावा मिळण्याची सोय आहे, पण त्यासाठी दोन्ही तिकिटं आरक्षित लागतात. पॅसेंजरच्या अनारक्षित तिकिटाला ती लागू नाही. क्रॉसिंगमुळे पॅसेंजर रखडते, मध्ये किमान दोन-अडीच तास ठेवा.

जनरलनेच जायचं असेल तर हॉल्टपासून शेवटपर्यंत एकच मेल-एक्सप्रेसचं तिकीट काढा. तुकडे केले तर एकूण भाडं सहसा जास्त पडतं. साध्या गाडीचं तिकीट एक्सप्रेसमध्ये चालत नाही, आणि एक्सप्रेस सुपरफास्ट असेल तर सेकंड क्लासला वरचे १५ रुपये ॲपमध्ये गाडीचा प्रकार निवडतानाच भरा.