ग्रीक देवतांच्या नावांचे संस्कृतशी नाते कितपत खरे?

पर्वतीपायथा
सदाशिव पेठेतील आमच्या संस्कृत अभ्यासवर्गात परवा एका सदस्यांनी ‘झ्यूस म्हणजे आपला द्यौः, युरेनस म्हणजे वरुण आणि प्रोमिथिअस म्हणजे अग्निमंथनाचा प्रमंथ (अग्नी घुसळून काढण्याची काठी)’ असे ठामपणे सांगितले. भाषाशास्त्राच्या कसोटीवर यातील काय टिकते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शब्दवेल्हाळ
झ्यूसबद्दल शंका नको. ग्रीकमध्ये या नावाची षष्ठी ‘दिओस’ होते आणि ती वैदिक ‘दिवः’शी जुळते, शिवाय होमरमधील ‘झ्यू पातेर’ हे संबोधन, ऋग्वेदातील ‘द्यौष्पितः’ आणि रोमनांचा ‘ज्युपिटर’ ही एकाच जुन्या शब्दजोडीची रूपे आहेत. नावाबरोबर त्याची विभक्ती आणि विशेषणही जुळावे, याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळतो. पहाटेची देवी ‘ईऑस’ आणि आपली उषा यांचेही नाते असेच पक्के आहे. वरुणाचे मात्र जमत नाही, कारण ध्वनिपरिवर्तनाचे नियम आड येतात. ‘उरानोस’चा, म्हणजे युरेनसच्या मूळ ग्रीक नावाचा, संबंध आता बहुतेक अभ्यासक पावसाच्या अर्थाच्या ‘वर्ष’ या शब्दाच्या मुळाशी लावतात.

ओंकारेश्वरकर
देवांचा अग्नी चोरून माणसांना देणाऱ्या प्रोमिथिअसचा प्रश्न इतक्या सहज निकाली निघत नाही. ग्रीकांनी स्वतः ‘आधी विचार करणारा’ असाच अर्थ घेतला आणि त्याच्या भावाचे नाव एपिमिथिअस, म्हणजे मागाहून शहाणपण सुचणारा, असे सांगितले. प्रमंथाची कल्पना एकोणिसाव्या शतकात जर्मन भाषाशास्त्रज्ञ आडाल्बर्ट कून यांनी मांडली. ती त्या रूपात मागे पडली. तथापि, ‘हिसकावून नेणे’ या अर्थाचा एक वैदिक धातू मातरिश्वा हा वैदिक देव स्वर्गातून अग्नी आणतो त्या कथेत येतो, आणि त्याच्याशी प्रोमिथिअसचे नाव जोडणारा पक्ष आजही आहे. मला तो विचारार्ह वाटतो.

पर्वतीपायथा
आभार. मग अथीना आणि अपोलो यांचे काय?

शब्दवेल्हाळ
तिथे संस्कृत शोधूच नये. मायकेल व्हेंट्रिस यांनी 1952 मध्ये उलगडलेल्या ‘लिनियर बी’ या प्राचीन ग्रीक लिपीतील, क्रीट बेटावरच्या क्नोसॉसच्या एका मृत्पट्टिकेवर ‘आताना पोत्निया’ असा उल्लेख आहे. त्यातील ‘पोत्निया’, म्हणजे स्वामिनी, ही आपली ‘पत्नी’च, पण ‘आताना’ हे नाव ग्रीक येण्यापूर्वीच्या स्थानिक भाषेतले असावे. अपोलोच्या व्युत्पत्तीवर तर प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ संवादापासून वाद सुरू आहे.