कॅसलला मराठीत काय म्हणायचं? किल्ला, गड की गढी?

दक्षिण इटलीतल्या कास्तेल देल मोंतेवर मराठीत लिहितोय आणि पहिल्याच वाक्यात अडलोय. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने 1240 च्या सुमारास आंद्रिया गावाजवळच्या टेकडीवर बांधून घेतलेली अष्टकोनी वास्तू, आठ कोपऱ्यांना आठ अष्टकोनी बुरूज, मधला चौकही अष्टकोनी, दोन मजले आणि दर मजल्यावर आठ दालनं. किल्ला म्हटलं की आपल्याला राजगड-रायगड दिसतो आणि इथे तर साधा खंदकही नाहीये. मग काय लिहू?

– किल्लाच लिहा की. आपण भुईकोटालाही किल्ला म्हणतो आणि जंजिऱ्यालाही, शब्द चांगला ऐसपैस आहे. गड मात्र नको. इटालियनमध्ये उंचावरच्या ठाण्याला रोक्का असा वेगळा शब्द आहे, आब्रुत्सोमधलं रोक्का कालाशो साधारण 1460 मीटरवर आहे, त्याला गड शोभेल. कॅसलसाठीचा इटालियन शब्द कास्तेल्लो आलाय लॅटिन कास्तेल्लुमवरून, ते कास्त्रुमचं लघुरूप, म्हणजे छोटं तटबंदीचं ठाणं.

– मला गढी जास्त पटतो. गढीत माणसं राहायची आणि बुरूजही असायचे. इथेही वरच्या मजल्यावर जोडखिडक्या, भिंतीतल्या शेगड्या, काही बुरुजांत गोल जिने तर काहींत शौचकूप आणि पावसाच्या पाण्याची टाकी, हे सगळं राहत्या घराचंच लक्षण झालं ना?

– गढी म्हणजे पांढऱ्या मातीची, देशमुख-इनामदारांची हो, सम्राटाच्या चुनखडी दगडाच्या बांधकामाला ती फारच तोकडी पडते. आणि फ्रेडरिकच्या 29 जानेवारी 1240 च्या पत्रात याच बांधकामाला कास्त्रुम म्हटलंय. दारात वरून जाळीचं दार सोडायची खाच आहे, बुरुजांना जंग्यांसारख्या अरुंद फटी आहेत. पुढे 1266 ला बेनेव्हेंतोच्या लढाईत फ्रेडरिकचा मुलगा मॅनफ्रेड मारला गेला आणि जिंकणाऱ्या आंजूच्या शार्लने त्याच्या पोरांना इथेच डांबलं, आजोबांच्याच वास्तूत! बंदोबस्ताची जागा होतीच ती, खंदक नसला म्हणून काय झालं.

– पटलं, ‘अष्टकोनी किल्ला’ लिहितो. बुरूज, जंग्या, टाकी हे शब्द सरळ वापरता येतील. फक्त त्या वरून सोडायच्या जाळीच्या दाराला कुणाकडे जुना मराठी शब्द असेल तर नक्की सांगा.